टिल्लूची झोळी घरीच राहिली

ही गोष्ट खरी आहे बरं का. अगदी गळ्याशपथ. मी स्वतः तिथे उभा होतो. म्हणजे उभा नव्हतो, बसलो होतो. म्हणजे मी त्या गावाला गेलोच नव्हतो. पण गोष्ट खरी आहे.

एक होती चिचुंद्री. तिचं नाव चिंगी. तिचं पिल्लू टिल्लू. टिल्लू आईची शेपटी धरून चालायचा. आई पुढे, टिल्लू मागे. तुरु तुरु, तुरु तुरु.

दोघं सुट्टीला समुद्रावर गेली. आता राहायचं कुठे?

माडाच्या शेंड्यावर एक खोली होती. छान हवेशीर. चिंगी म्हणाली, "नको गं बाई. टिल्लू खाली पडेल."

उलट्या होडीखाली एक खोली होती. छान ऐसपैस. चिंगी म्हणाली, "नको गं बाई. टिल्लू वाहून जाईल."

खेकडेमामांची एक करवंटी होती. वाळूत पालथी घातलेली. इवलंसं दार. पायरी नाही, पाणी नाही. चिंगी आत फिरली. सगळे कोपरे हुंगले. करवंटीला कोपरे नसतात, तरी हुंगले. म्हणाली, "हीच घेऊ."

संध्याकाळ झाली. चिंगीने गाठोडं सोडलं. टोपडं निघालं. खुळखुळा निघाला. खाऊ निघाला. आणि झोळी?

झोळी घरीच राहिली.

झोळीशिवाय टिल्लूला झोप कुठली? तो रडू लागला. चुंई, चुंई, चुंई.

चिंगी निघाली. तुरु तुरु, तुरु तुरु. जाळ्यात बसली होती कोळीआजी.

"टिल्लू काही झोपेना.
आजी, आजी, झोळी विण ना."

आजी म्हणाली, "विणीन गं. पण टांगू कुठे? माडाने झावळी सोडली, तर विणीन."

चिंगी निघाली. तुरु तुरु, तुरु तुरु. उंच उभा होता माड.

"टिल्लू काही झोपेना,
आजी झोळी विणेना.
माडा, माडा, झावळी सोड ना."

माड म्हणाला, "आपणहून मी नाही सोडत. वाऱ्याने ओढली, तर सोडीन."

चिंगी निघाली. तुरु तुरु, तुरु तुरु. होडीमागे लोळत होता वारा.

"टिल्लू काही झोपेना,
आजी झोळी विणेना,
माड झावळी सोडेना.
वाऱ्या, वाऱ्या, भुर्र सुट ना."

वारा म्हणाला, "एकटा सुटून काय करू? लाट खेळायला आली, तर सुटेन."

चिंगी निघाली. तुरु तुरु, तुरु तुरु. लांब पसरली होती लाट.

"टिल्लू काही झोपेना,
आजी झोळी विणेना,
माड झावळी सोडेना,
वारा भुर्र सुटेना.
लाटे, लाटे, पुढे ये ना."

लाट म्हणाली, "येऊन पुसू काय? खेकडेमामांनी रांगोळी काढली, तर येईन."

चिंगी निघाली. तुरु तुरु, तुरु तुरु. करवंटीपुढे बसले होते खेकडेमामा.

"टिल्लू काही झोपेना,
आजी झोळी विणेना,
माड झावळी सोडेना,
वारा भुर्र सुटेना,
लाट पुढे येईना.
मामा, मामा, रांगोळी काढा ना."

मामा म्हणाले, "हे रडं ऐकून माझे पाय वाकडे पडतात. तुझं पिल्लू हसलं, तर काढीन."

मामांचे पाय नेहमीच वाकडे पडतात. पण घरमालकाला सांगणार कोण?

चिंगी टिल्लूकडे वळली.

"टिल्लू काही झोपेना,
आजी झोळी विणेना,
माड झावळी सोडेना,
वारा भुर्र सुटेना,
लाट पुढे येईना,
मामा रांगोळी काढेना.
टिल्लू, टिल्लू, हस ना."

टिल्लू म्हणाला, "झोळी मिळाली, तर हसेन."

झालं! फिरून सगळं तिथेच आलं. चिंगी मटकन वाळूत बसली. तिचेही पाय दुखत होते. तिलाही झोप आली होती. पण तिला कुणी विचारलंच नव्हतं.

मामा म्हणाले, "मी आपला माझ्या बिळात जातो." त्यांनी बिळाच्या दाराकडे पाहिलं आणि निघाले. खुडुक खुडुक. दार राहिलं इकडे, मामा गेले तिकडे. होडीवर आपटले. धप्प!

पुन्हा निघाले. खुडुक खुडुक. पुन्हा होडी. धप्प!

टिल्लू खुदकन हसला.

मग काय!

टिल्लू हसला, तशी मामांनी रांगोळी काढली. टिपुक टिपुक, वाळूच्या गोळ्यांची.
रांगोळी पाहून लाट पुढे आली. फस्स!
लाट आली, तसा वारा सुटला. भुर्र!
वारा सुटला, तशी माडाने झावळी सोडली. सळसळ, सळसळ, धप! करवंटीवर आडवी.
झावळी पडली, तशी आजीने झोळी विणली. सरसर, सरसर. मऊ मऊ झोळी.

"टिल्लू, ये रे राजा," चिंगी म्हणाली.

टिल्लू कुठे येतोय? तो हसता हसता मामांच्या पाठीवर चढला होता आणि तिथेच झोपला होता. घुर्र, घुर्र.

मामा हलले नाहीत. कुजबुजत म्हणाले, "चिंगे, झोळी रिकामी आहे. तूच नीज."

चिंगी झोळीत शिरली. वाऱ्याने झोका दिला. लाटेने अंगाई म्हटली. चिंगी झोपली ती थेट उजाडेपर्यंत.

आता खरं सांगू? माड बोलला, ते खरं. लाट बोलली, ते खरं. मामा आपटले, तेही खरं. फक्त शेवटचं ते 'थेट उजाडेपर्यंत' मी मनाचं घातलं. चिंगीचा जरा कुठे डोळा लागला, तेवढ्यात झोळीपाशी कोण आलं?

"आई, शू."