कोणाची हरकत नव्हती

आता ज्याच्या वाटेवर गवत माजले आहे, अशा एका डोंगरगावातली ही गोष्ट. गावाच्या माथ्यावर दाट देवराई होती. राईत देवीचे छोटे कौलारू देऊळ होते आणि देवळामागे हिरड्या-जांभळांच्या मुळांतून एक झरा वाहत होता. अख्खे गाव त्याच झऱ्यावर जगत होते.

देवीचा कारभार गुरवासह पाच मानकरी पाहत. त्यांच्या सभेची रीत पूर्वजांनी घालून दिलेली होती. थोरल्या मानकऱ्याने देवीसमोर ठराव मांडायचा आणि तीनदा विचारायचे, "कोणाची हरकत?" एकाने जरी हरकत घेतली तरी ठराव मोडायचा. सगळे गप्प राहिले, तर देवीचा कौल मिळाला असे समजून नारळ वाढवायचा.

या पाचांत अनाजी सर्वांत धाकटा. स्वभावाने भला, पण भिडस्त.

एका वर्षी शेजारच्या गावाने मोठे देऊळ बांधले. पाचही मानकरी कलशारोहणाला जाऊन आले. परतताना कोणी म्हणाले, "काय सुरेख मंडप आहे." बाकीच्यांनी मान हलवली. थोरले मानकरी आबा काहीच बोलले नाहीत. पण थोड्याच दिवसांत त्यांनी सभा बोलावल्याचा निरोप आला. राई तोडून मोकळ्या जागेवर मोठे देऊळ बांधायचे आणि राईच्याच लाकडाचे खांब करायचे, असा ठराव होता.

अनाजीला जेवण गोड लागेना. तो बायकोला म्हणाला, "द्रुपदा, राई गेली तर झरा राहायचा नाही. झाडांनीच धरून ठेवलंय ते पाणी."

"मग सभेत सांगा की."

"आबांच्या तोंडावर? आपल्या पोरीचं लग्न त्यांनी उभं राहून लावलंय."

द्रुपदा भाकरी थापत होती. तिचे हात थांबले. "तिथं गप्प बसणार असाल, तर घरी तरी कशाला सांगता?" ती म्हणाली.

ते बोल अनाजीच्या जिव्हारी लागले. बोलायचेच, असे ठरवून तो देवळात गेला.

आबांनी ठराव मांडला आणि विचारले, "कोणाची हरकत?"

अनाजीने घसा खाकरला. आबांनी त्याच्याकडे पाहिले. "काय रे अनाजी?"

"काही नाही आबा. खोकला आला," अनाजी म्हणाला, आणि त्याला स्वतःचाच राग आला.

"कोणाची हरकत?"

अनाजीने गुरवाकडे पाहिले. गुरवाचा सारा जन्म त्या राईत गेला होता, तो तरी बोलेल असे त्याला वाटले. गुरव जमिनीकडे पाहत होता. बाकीचे दोघे देवीकडे पाहत होते. सगळ्यांनाच हवे आहे तर मी एकट्याने का मोडता घालावा, असे अनाजीच्या मनात आले.

तिसऱ्यांदा विचारताना आबांचा आवाज जरा ओढला गेला. ते बराच वेळ थांबले. कोणी बोलले नाही. नारळ वाढवला गेला.

राई पडली. पहिला घाव मानकऱ्यांनी घालायचा म्हणून अनाजीच्याही हाती कुऱ्हाड आली, आणि त्याने ती चालवली. देऊळ मोठे देखणे झाले. लांबून लांबून माणसे पाहायला आली.

पुढल्या वैशाखात झऱ्याची धार करंगळीएवढी झाली. त्यानंतरच्या वैशाखात तीही आटली. खणून पाहिले, नवस केले. पाणी आले नाही. गावाने गुरे विकली, मग एकेक घर बिऱ्हाड पाठीवर टाकून डोंगर उतरू लागले. द्रुपदाने एका सकाळी हंडे-कळशा बांधल्या आणि लेकीच्या गावची वाट धरली. नवऱ्याला ती टाकून बोलली नाही. तिने बोलणेच सोडले होते.

शेवटी गावात मानकरी तेवढे उरले. नव्या मंडपात ते बसले असता अनाजीला राहवले नाही. तो म्हणाला, "आबा, माझ्या मनातून राई तोडायची नव्हती."

"माझ्याही नव्हती," गुरव म्हणाला. उरलेल्या दोघांनी माना खाली घातल्या.

आबांनी एकेकाकडे पाहिले. "मलाही तोडायची नव्हती," ते म्हणाले. "शेजारचं देऊळ पाहून तुम्ही माना हलवल्यात. वाटलं, तुम्हाला हवंय आणि म्हातारा आडवा येतोय असं व्हायला नको. म्हणून ठराव मांडला. कोणीतरी अडवेल, याची वाट पाहत होतो रे."

दुसऱ्या दिवशी मानकरीही खाली उतरले. देवी वर एकटीच राहिली.

तात्पर्य: सभेत गिळलेला नकार पुढे कितीही मोकळेपणाने सांगितला, तरी तोवर वाचवण्यासारखे काही उरलेले नसते.