कण्यांची पंगत

एका गावात दारं उदंड होती आणि छपरं अगदी मोजकी. थट्टा नाही, खरंच तसं होतं. सागवानी चौकटी, त्यांवर कोरलेले मोर, घासूनपुसून चकचकीत ठेवलेल्या पितळी कड्या. आणि दारातून आत पाऊल टाकलं की डोक्यावर मोकळं आभाळ. लोक भिंतीच्या आडोशाला पाचट टाकून राहत आणि आलेल्या पाहुण्याला सांगत, "छपराचं काम चालूच आहे." कुणाकुणाकडे ते आजोबांपासून चालू होतं.

याला कारण गावाची रीत. घराची चौकट उभी राहिली की घरधन्याने गावजेवण घालायचं. सगळं गाव आपापलं ताट आणि तांब्या घेऊन यायचं आणि दारासमोर पंगती बसायच्या. लाडू, मसालेभात, वाटीवर वाटी कढी. पंगत उठेपर्यंत छपरासाठी जपलेलं सगळं गावाच्या पोटात गेलेलं असे. मग ढेकर देत लोक म्हणत, "घर झकास झालं हो!" आणि आपापल्या बिनछपराच्या घरी जाऊन आडवे होत.

त्या गावात एक कल्हईवाला राहत होता. तांब्यापितळेच्या भांड्यांना आतून कथलाचा पांढरा मुलामा द्यायचा, हा त्याचा धंदा. तो भट्टी पेटवायचा आणि त्याची बायको भाता मारायची. पंगतीचे मोठमोठे हंडे, पातेली, पराती हीच त्यांची खरी कमाई. राहायला मात्र पाटलाच्या गोठ्यालगतची पडवी होती. एकदा म्हशीने शेपटी झटकली आणि शेणाचा शिंतोडा पाळण्यातल्या लेकीच्या तोंडावर उडाला. कल्हईवालीने पदराने लेकीचं तोंड पुसलं आणि नवऱ्याला म्हणाली, "अहो, आपण घर बांधायचं."

नवरा हसला. ती हसली नाही.

त्या दिवसापासून तिने संसाराला असा चाप लावला की शेजारपाजारच्या बायका नाकं मुरडू लागल्या. उजेड असतानाच जेवणं उरकायची, म्हणजे दिव्याला तेल नको. ताटात रोज ज्वारीच्या कण्या आणि अंबाडीची भाजी. गूळ दिसायचा तो सणाला, तोही वास घेण्यापुरता. थोरलीचा परकर फाटला की त्यातून धाकट्याची बंडी निघे, आणि बंडी विरली की ती कल्हई फिरवायच्या चिंधीत जाई. कल्हईवाल्याने विडी सोडली. मग चोरून पुन्हा धरली, बायकोच्या नाकाने ती पकडली, मग मात्र कायमची सोडली. वाचलेलं सारं काठ फुटलेल्या एका बेवारशी घागरीत पडायचं.

मुलं मुलंच होती, ती मागायचीच. "आई, मला झोपाळा." "आई, मला शेव." त्यावर ती कधी नाही म्हणाली नाही. म्हणायची, "घेऊ की! घरात गेल्यावर." आणि रोज संध्याकाळी भट्टीची राख घेऊन ती पडवीच्या जमिनीवर घर आखायची. ही ओसरी, हे माजघर, ही चूल, इथे झोपाळा. जेवायला राखेच्या माजघरात बसायचं, हात धुवायला राखेच्या दारातून बाहेर जायचं. धाकटा घाईत रेघ ओलांडून आला की थोरली ओरडायची, "भिंतीतून आलास! परत जा, दारातून ये!" तोही मुकाट्याने परत जायचा. सकाळी म्हशी ते घर तुडवून जायच्या आणि संध्याकाळी कल्हईवाली ते पुन्हा आखायची.

अशी वर्षं गेली. घागर भरली, जागा झाली, मातीच्या भिंती उभ्या राहिल्या. कौलं आणि वासे आणून अंगणात रचून ठेवले. मग एके सकाळी सुताराने चौकट बसवली. मोर नव्हते, नक्षी नव्हती, साधी बाभळीची चौकट. कल्हईवालीने तिच्यावरून हात फिरवला आणि तिचे डोळे भरून आले.

दुपारी पाटील हजर. पाटलांना गावातल्या कुठल्या कामाचा विसर पडो, चौकटीच्या जेवणाचा कधी पडत नसे.

"मग, परवा बसवायची ना पंगत?" त्यांनी विचारलं. "लाडू जरा तुपातले असू देत."

"पाटील, पंगत घातली तर छपराला काही उरत नाही," कल्हईवाली म्हणाली.

"अगं, छप्पर काय, होतंय सावकाश. गाव आधी जेवतं. रीत आहे."

पाटील गेल्यावर कल्हईवाला घाबरून म्हणाला, "अगं, ऐक. आपलं पोट पंगतीच्या भांड्यांवर आहे. गाव उलटलं तर खायचं काय?"

"आणि आपलं डोकं कशाखाली आहे?" तिने विचारलं. "ही कौलं विकून लाडू वळू? पोरांना काय सांगू, झोपाळा आभाळाला टांगा म्हणून?"

तो अंगणातल्या कौलांच्या ढिगाकडे बघू लागला. ती म्हणाली, "पंगत हवी आहे ना? घालते पंगत."

ठरल्या दिवशी सगळं गाव ताटं-तांबे घेऊन आलं. दारासमोर ओळी बसल्या. ताटं कशी लखलखत होती! कल्हई त्याच घरातल्या हातांची होती. कल्हईवाली मोठा हंडा घेऊन बाहेर आली, लोकांनी माना उंचावल्या, आणि तिने पहिल्या ताटात पळीभर वाढलं. मग दुसऱ्या. मग तिसऱ्या.

पाटलांनी ताटाकडे पाहिलं. "हे काय?"

"कण्या, पाटील. आणि ही अंबाडीची भाजी."

"गावाला कण्या? हा गावाचा अपमान आहे!"

"अपमान कसला?" कल्हईवालीचा आवाज चढला. "आम्ही इतकी वर्षं हेच खाल्लं. तेव्हा गावाचा अपमान झाला नाही, आज बरा झाला? या भिंतींत लाडू गेलेले नाहीत, पाटील. कण्या गेल्यात. ज्याच्यावर हे घर उभं राहिलं तेच मी वाढलंय. लाडू हवे असतील तर ते माझ्या छपरातून काढावे लागतील, आणि छपराला मी कुणाला हात लावू देणार नाही!"

पाटलांनी ताट पालथं घातलं आणि ते ताडकन उठले. त्यांच्यामागे सगळी पंगत उठली. "या कल्हईवाल्याला आजपासून कुणी भांडं द्यायचं नाही!" पाटलांनी बजावलं. "बघू किती दिवस हा माज टिकतो."

अंगण रिकामं झालं. एक शेजारची म्हातारी तेवढी बसून राहिली होती. तिच्या दाराच्या चौकटीवर गावातले सगळ्यात देखणे मोर होते, आणि छप्पर तिच्या नवऱ्याला मरेपर्यंत घालता आलं नव्हतं. तिने ताट बोटाने पुसून साफ केलं.

"मीठ बेताचंच पडलंय गं," ती म्हणाली. "पण एक सांगू, पोरी? माझ्या दारात हे सगळं गाव जेवून गेलं. त्यातलं कुणी फिरून एक कौल घेऊन आलं नाही. तू घाल छप्पर."

छप्पर घालायला सुतार येईना. पाटलाचा शब्द मोडायची त्याची छाती नव्हती. मात्र एकदा दारावरून जाताना तो आपली शिडी त्यांच्या भिंतीला लावून 'विसरून' गेला. कल्हईवाला वर चढला, कल्हईवाली खालून कौलं देत गेली, म्हातारी एकेक कौल पुसून तिच्या हातात ठेवत गेली. वासे जरा वाकडे बसले. धाकटा म्हणाला, "छप्पर हसतंय." हसू दे म्हणाले सगळे.

त्या संध्याकाळी थोरली जमिनीवर उताणी पडून ओरडली, "आई, आभाळ दिसत नाही गं!" आणि ते ऐकून कल्हईवाली जी रडली ती चूल फुंकायच्या निमित्ताने बराच वेळ रडत राहिली.

पण पुढचे दिवस कठीण होते. गावातलं एक भांडं येईना. कल्हईवाला भाता खांद्यावर टाकून लांबलांबच्या गावांना पायपीट करू लागला, आणि दमून आला की धुसफुसायचा. कण्यासुद्धा पातळ झाल्या. कल्हईवालीला भीती वाटायची. आपल्या हट्टापायी पोरं उपाशी तर मरणार नाहीत ना, असं वाटून हातातला घास तसाच राहायचा. मग ती वर वाकड्या वाशांकडे बघायची आणि तो घास गिळायची.

अशात पाटलांच्या भाच्याची चौकट बसली. गावजेवण ठरलं. पंगतीची भांडी बाहेर काढली तर आतली कल्हई उडून पिवळं पितळ उघडं पडलेलं. आचारी म्हणाला, "पाटील, कल्हई लागेल."

"काही लागत नाही," पाटील म्हणाले. "चिंचेने घासा. कल्हईवाचून काय अडतंय गावाचं?"

भांडी चिंचेने घासली. सोन्यासारखी झळकली. त्यांत कढी उकळली, आणि पंगत बसेपर्यंत तशीच ठेवली. बिनकल्हईच्या पितळेत आंबट राहिलं की ते कळकतं आणि पोटाला बाधतं, हे गावातल्या शेंबड्या पोराला ठाऊक होतं. पण पाटलांसमोर बोलायचं कोणी? कढीला हिरवट झाक आली. लोकांनी ती कोथिंबीर समजून प्यायली. आणि थोड्याच वेळात सगळं गाव तेच तांबे हातात घेऊन ओढ्याकडे पळत सुटलं. सर्वांत पुढे पाटील.

कल्हईवाली आपल्या ओसरीवरून हे बघत होती. खोटं कशाला सांगायचं, ती पोटभर हसली. मग उठली, तांदळाची पातळ पेज करून आजारी पोरांच्या घरोघरी देऊन आली.

पोटं ताळ्यावर आली तेव्हा पाटील हंडे-पातेली गाडीत घालून तिच्या दारी आले. चेहरा उतरलेला होता. "कर बाबा कल्हई," ते कल्हईवाल्याला म्हणाले. "झालं गेलं विसरून जा."

कल्हईवाला आनंदाने भट्टीकडे धावला.

"थांबा," बायको म्हणाली. "पाटील, घरची रोजची भांडी आणा, आत्ता करून देतो. पण पंगतीचं भांडं आणाल तेव्हा मी आधी त्या घरात डोकावणार. वर आभाळ दिसलं तर भट्टी पेटणार नाही. आधी छप्पर, मग पंगत."

"म्हणजे रीत मोडायची?"

"मोडायची कशाला? उलटी करायची."

पाटलांनी कल्हईवाल्याकडे पाहिलं. "बायकोला जरा सांग की!" कल्हईवाल्याने एकदा त्या भांड्यांच्या गाडीकडे पाहिलं, एकदा वरच्या वाकड्या वाशांकडे. मग त्याने भाता मिटून जमिनीवर ठेवला आणि त्यावर बसून घेतलं.

"ती म्हणते तसंच," तो म्हणाला.

पाटील तणतणत गाडी घेऊन परत गेले. पण बिनपंगतीचे दिवस पाटलांना सोसेनात. लाडवाच्या आठवणीने जीव कासावीस व्हायचा. शेवटी तेच घरोघर फिरू लागले, "अरे, छपराचं बघा की काहीतरी!" आपली गाडीसुद्धा त्यांनी कौलं आणायला दिली. गावाच्या भल्यासाठी दिली असं ते सांगत. लाडवासाठी दिली हे सगळ्यांना माहीत होतं.

सगळ्यांत आधी म्हातारीचं छप्पर झालं. त्या दिवशी कुणी नुसतं ताट-तांब्या घेऊन आलं नाही, सोबत जो तो एकेक कौलही घेऊन आला. शेवटचं कौल बसल्यावर पंगत बसली, चक्क सावलीत. मग म्हातारीने हट्ट धरला, "माझ्या घरात पहिला घास कण्यांचाच!"

कल्हईवालीने पळी उचलली आणि पाटलांच्या ताटात वाढलं. सगळं गाव बघत होतं. पाटलांनी घास घेतला, चावला, आणि हळूच म्हणाले, "वहिनी, थोडी भाजी वाढा."

तेवढ्यात थोरलीने धाकट्याला हाक मारली, "चल रे घरी, झोपाळा बांधलाय बाबांनी!" आणि तो धावत सुटला, या वेळी थेट दारातून.

तात्पर्य: ज्यांनी पोटाला चिमटा घेऊन साठवलं, त्याचं काय करायचं हे त्यांनीच ठरवावं, जेवून उठणाऱ्यांनी नव्हे.