मनोऱ्यातली घंटा

एका ओढ्याकाठी जुन्या काळी एक चर्च होतं आणि त्याच्या मनोऱ्यात एक रुसकी घंटा राहायची. दर रविवारी ती साऱ्या गावाला उपासनेला बोलवायची. पण पाळक आत बोलायला लागले, की वर तिला नुसतं पुटपुटणं ऐकू यायचं.

"जेवणाचं आवतण मी द्यायचं आणि उपाशीही मीच राहायचं," ती आपल्या दोराला म्हणायची.

"आवतण देणं हेही काम लहान नाही, बाई," दोर समजवायचा. तिला ते पटायचं नाही.

पुढं मनोऱ्याची तुळई बदलायची ठरली, म्हणून घंटा उतरवून आत व्यासपीठाजवळ ठेवली. त्या रविवारी तिनं पाळकांचा शब्द न् शब्द ऐकला आणि ती तृप्त झाली. पहिल्या बाकावरची कडेची जागा तेवढी रिकामी होती.

शेवटचं गीत संपता संपता आंधळ्या मार्थाबाई आल्या. लुगडं गुडघ्यापर्यंत चिखलानं माखलेलं. चाचपडत बाकाकडे जाताना त्यांचा हात घंटेच्या गार काठाला लागला आणि त्या तिथंच थांबल्या.

"तू इथं येऊन बसलीस होय?" त्या हळूच म्हणाल्या. "मग मी कशाकडं बघत यायचं गं?"

सुतारांना तुळई बसवायला अजून चार दिवस लागणार होते. घंटेला ते फार वाटले.