ठकूबाईनं कुड काढला

ही गोष्ट तेव्हाची, जेव्हा चिमणखारच्या खाडीत पाणी जास्त होतं आणि गावात शहाणे कमी. आता नेमकं उलट झालंय. तर त्या काळी धाकूबाबाच्या घरी घाटावरची सून आली, ठकूबाई. तिच्या माहेरी हवा इतकी कोरडी, की थुंकी जमिनीवर पोचायच्या आत वाळायची, असं म्हणतात.

धाकूबाबाकडे चाळीस कोंबड्या. मेलेल्या बायकोनं पाळलेल्या, म्हणून त्याचा जीव त्यांच्यात. बायको होती तोवर तिच्याशी बोलला नसेल, तेवढा तो कोंबड्यांशी बोलायचा.

वैशाख आला. पान हलेना, कपडा अंगाला चिकटलेला. कोंबड्या चोची उघडून धापा टाकायला लागल्या, पंख अंगापासून लांब धरून उभ्या राहिल्या. अंडी आधी पातळ कवचाची झाली, मग बंदच. ठकूबाईनं माहेरची रीत केली. गोणपाटाची किंतानं भिजवली आणि परसातल्या खुराड्याभोवती गच्च बांधली. माहेरी यानं कोंबड्या सुखानं डोळे मिटायच्या. इथंही मिटले, पण सात जणींनी कायमचे.

धाकूबाबा म्हणाला, आणखी एक गेली की तू परत घाटावर. ठकूबाईला जायचं नव्हतं. नवरा बरा होता आणि इथली सुकट तर त्याहून बरी.

ती परसात बसून राहिली. दोरीवर सकाळी वाळत घातलेलं लुगडं दुपार कलली तरी ओलंगच्च. ती बघतच राहिली. मग उठली, किंतानं ओढून काढली आणि कोयत्यानं खुराड्याचा खाडीकडचा कुड, म्हणजे कारवीच्या काठ्यांची भिंत, तोडायला लागली.

"काय गो, उरलेल्या आता कोल्ह्याला देतेस?" सासऱ्यानं विचारलं.

"मामंजी, कोंबडीला घाम येत न्हाई. ती तोंडातली ओल वाऱ्याला देती, तवा गार होती. हितं लुगडं वाळंना, आन् मी तिच्याभवती आणखी ओल बांधली. तिला वारा पायजे."

कुड गेला, पण वारा येईना. मध्ये घर आड येत होतं. तेव्हा तिनं घराचेच पुढचे-मागचे कुड काढले, असं म्हणतात. गाव हसायला जमलं. धाकूबाबा मधोमध जेवत बसलेला, इकडून खाडी दिसतेय, तिकडून डोंगर. लोक इतके हसले, की त्या हसण्याचाच वारा सुटला, असं म्हणतात. तो घरात शिरला आणि खुराड्यातून निघाला. कोंबड्यांनी एकेक करून चोची मिटल्या. तेहतिसांतली एकही गेली नाही. कोल्हासुद्धा आला तो वाऱ्यावर गार होऊन झोपला, असं म्हणतात; पण हे सांगणाऱ्यांनी कधी कोंबड्या पाळल्या नाहीत.

पाचव्या दिवशी पहिलं अंडं पडलं ते धाकूबाबाच्या पागोट्यात. त्यानं ते सुनेच्या हातावर ठेवलं.

"घर तुझं," तो म्हणाला. "कुड तेवढे पावसाआधी लाव."

आजही चिमणखारात वैशाख लागला की घरोघर खुराड्याचा खाडीकडचा कुड काढतात. त्या वेळी एकानं समोर उभं राहून टिंगल करायचीच असते, नाहीतर वारा येत नाही. त्यानंतरचं पहिलं अंडं सुनेचं. ती खाते, सासरा बघत बसतो. टिंगलीचा मान पाळीनं फिरतो. यंदा तो पोलीसपाटलांचा आहे. त्यांना जन्मात कुणी हसताना पाहिलेलं नाही, म्हणून गावच्या सुनांनी होळीपासूनच त्यांचा सराव सुरू केलाय.