धामणीची ऊब

एकदा एका घाटाखालच्या बाजारगावात एक वृद्ध वैद्यबुवा राहत होते. माणसांना औषध देणारे वैद्य गल्लोगल्ली सापडतात. हे बुवा मुक्या जिवांचे वैद्य. गाय अडली, घोडा लंगडला, पोपटाचा पंख मोडला, की लोक त्यांच्याच ओट्यावर यायचे. त्यांच्यापाशी एक शिष्य होता. नुकताच बाप झालेला, हाताने गुणी, मनाने हळवा. हळवा इतका की मुंगीला वाट देताना स्वतः ठेच खाईल.

पौषातल्या एका सकाळी गावातला धान्याचा व्यापारी टोपली घेऊन आला. टोपलीत धामण होती. त्याच्या कोठारातले उंदीर तिनेच आवरले होते, म्हणून घरची मंडळी तिला कौतुकाने ‘कोठीवाली’ म्हणत. आदल्या दिवशी पोत्यांची थप्पी कोसळली आणि तिच्या पाठीला मार बसला.

“बुवा, घरचंच माणूस समजा,” व्यापारी म्हणाला. “हिला काही झालं तर आमची मंडळी मला उंबरठा ओलांडू देणार नाहीत.”

बुवांनी धामणीच्या पाठीवरून हलकेच बोट फिरवलं. “हाड शाबूत आहे. जखम भरेल. पण अंग पार गारठलंय. सापाला स्वतःची ऊब नसते, शेठ. ती त्याला बाहेरून घ्यावी लागते. अंग गार राहिलं तर जखम भरत नाही नि खाल्लेलं पचत नाही.” मग शिष्याकडे वळून म्हणाले, “आजवर माझ्या हाताखाली राबलास. हा जीव तुझा. हिचं घर तू मांड, ऊबही तूच दे.”

शिष्याला आकाश ठेंगणं झालं. त्याने लांबट लाकडी पेटी घेतली, तळाला कोरडी रेती घातली, पाण्याची वाटी ठेवली, वर जाळीचं झाकण बसवलं. आता ऊब कशी द्यावी? त्याच्या डोळ्यांपुढे एकच खोली होती, बायकोच्या बाळंतपणाची. खिडक्या बंद, दाराला घोंगडी, खाटेखाली शेगडी, वाऱ्याला मज्जाव. त्याने अगदी तस्संच केलं. पेटी दगडांवर चढवली, चुलीत विटा तापवल्या, गोणपाटात गुंडाळल्या आणि पेटीखाली या टोकापासून त्या टोकापर्यंत ओळीने लावल्या. जाळीवर घोंगडी टाकली. ओव्याची धुरी काय ती द्यायची राहिली.

दुपारी धामण हलू लागली. जाळीला नाक घासू लागली, मग पाण्याच्या वाटीत अंग कोंबून बसली. “थंडीने तळमळतेय बिचारी,” असं म्हणत शिष्याने विटा बदलल्या, आणखी तापलेल्या लावल्या. ती जो जो तळमळे, तो तो हा विटा बदली. दुसऱ्या दिवशी सकाळी घोंगडी उचलून पाहतो तर धामण तोंड वासून पसरलेली. बोट लावलं तरी हलेना.

“बुवा, धावा! माझ्या हातून गेली हो ती!”

बुवा आले. विचारपूस करायला म्हणून व्यापारीही नेमका तेव्हाच पोचला. बुवांनी रेतीवर हात ठेवला आणि चटकन मागे घेतला. त्यांनी घोंगडी ओढून काढली, पेटीखालच्या विटा एकामागून एक अंगणात फेकल्या. एका टोकाखालची तेवढी एक राहू दिली. दुसऱ्या टोकाला फुटक्या मडक्याची खापरी पालथी घातली आणि धामणीला अलगद उचलून त्या गार टोकाशी ठेवलं.

व्यापारी कळवळला. “अहो बुवा, बाहेर दातावर दात वाजताहेत, आणि तुम्ही दुखणाइताची शेकोटी काढून घेता?”

“तुम्हाला थंडी वाजतेय ना शेठ? ही घ्या घोंगडी, गुंडाळून बसा. तिला नको आहे ती.”

तिघेही पेटीपाशी बसून राहिले. शिष्याने पाण्याचा घोटही घेतला नाही. उन्हं अंगणात उतरली तेव्हा कुठे धामणीचं तोंड मिटलं. मग जीभ लवलवली. मग मान वळली. मग ती आपली आपण सरकत उबेच्या टोकाला गेली, तिथे विसावली, आणि थोड्या वेळाने अर्धं अंग मध्यावर ओढून घेतलं. शिष्याच्या डोळ्यांना धार लागली. व्यापाऱ्याने घोंगडीतूनच हात जोडले.

“अरे वेड्या,” बुवा म्हणाले, “ही धामण आहे, बाळंतीण नव्हे! आणि बाळंतीणसुद्धा उकडलं की तुला हाक मारून चार शब्द सुनावते. हिला ना वाचा, ना घाम. गारठलं की उबेकडे सरकायचं, तापलं की गारव्याकडे सरकायचं, एवढंच देवाने हिच्या हाती ठेवलंय. तू पेटीभर ऊब केलीस. ती सरकणार कुठे? ती ‘पुरे, पुरे’ म्हणत होती आणि तू वाढत होतास.”

“मग बुवा, नेमकी ऊब द्यायची तरी किती?”

“ते तुला ठाऊक नाही आणि मलाही नाही. तिला ठाऊक आहे. विटेवर आधी आपला पालथा हात ठेव. आपल्याला सोसवेल तेवढीच लाव, कारण खालून भाजलेलं सापाला लवकर उमगत नाही. एक टोक उबदार राख, एक गार, आणि मधली वाट मोकळी. पुढचं तिच्यावर सोपव.”

दुपार कलली. धामण ऊब सोडून सावकाश निघाली आणि खापरीखाली वेटोळं घालून निजली. शिष्याचा हात सवयीने विटेकडे गेला, क्षणभर थांबला आणि मागे आला. मग तो उठला, हातपाय धुतले आणि आदल्या दिवसापासून शिंक्यात राहिलेली भाकरी काढून निवांत खायला बसला.

आपल्या माणसांना ऊब जरूर द्यावी, पण त्यांच्यासाठी एक कोपरा गारही ठेवावा. हवी असेल तेव्हा ती आपणहून जवळ येतात.