लाडलेच्या झोपडीचे दार

थंडीच्या तोंडावर तुळसीनाथ महाराजांचा मुक्काम बोरशेंडी गावी होता. गाद्या उसवून कापूस पुन्हा पिंजायचे ते दिवस. पिंजाऱ्याचे घर गावात एकच, लाडलेचे. गाव झोपे त्याच्या हातच्या गादीवर, पण त्याच्या वाऱ्यालाही उभे राहत नसे!

पूर्वी लाडले वडाखाली पिंजत असे. एकदा कापसाची उडती म्हातारी मंदिरात, नैवेद्याच्या ताटावर जाऊन बसली. झाले! इनामदार भगवंतरावांनी फर्मान काढले, "पिंजाऱ्याने घरात, दार लावून पिंजावे." खिडकीलाही गोणपाट ठोकले. तेव्हापासून लाडले खोकू लागला, आणि त्याची बायको रहिमतबी तर श्वासाला महाग झाली. बिचारीला दोन घास गिळणेही जड जाई.

लाडलेने येऊन महाराजांचे पाय धरले. "महाराज, हिला वाचवा जी. हिच्यामागं माझं कोण हाय?"

शेजारी बसलेले भगवंतराव हसले. "पिंजाऱ्याच्या रक्तातच दमा असतो, महाराज. त्याला अंगारा काय करणार?"

महाराज म्हणाले, "रहिमतबी बांगडीवाल्याची लेक ना रे, लाडले? माहेरी खोकते का?"

"न्हाई जी. तिथं गेली की चार दिसांत हसाया लागती."

"मग तिचे रक्त काय वेशीवर बदलते, भगवंतराव?"

भगवंतरावांनी मान फिरवली. "आम्हांला आरतीला उशीर होतोय," म्हणून ते उठले. महाराज मात्र लाडलेबरोबर झोपडीत गेले. रहिमतबीला त्यांनी बाहेर वडाखाली बसवले, दार लावून घेतले आणि म्हणाले, "पिंज बाबा."

काय सांगावी त्या माउलीची लीला! इकडे पिंजायच्या कमानीची तात टणत्कारली आणि तिकडे गाभाऱ्यात कापूस झरू लागला! देवाचा मुकुट पांढरा झाला. भगवंतराव 'जय देव' म्हणायला गेले तो घसा दाटला. खोकून खोकून डोळ्यांत पाणी आले, श्वास आत जाईना. अंगणात धावले तरी तेच. भिंत धरत धरत ते झोपडीशी आले आणि दार ढकलले.

आत कापसाचे धुके. त्यात महाराज, भुवयांपर्यंत पांढरे, पोटाशी हात धरून खोकत होते. आपले फर्मान असे असते, हे भगवंतरावांनी आज पहिल्यांदा पाहिले.

"महाराज, बाहेर चला!"

"मी निघेन हो. हा लाडले कुठे जाईल?"

भगवंतरावांनी खिडकीचे गोणपाट स्वतःच्या हाताने फाडले. वारा आरपार गेला आणि सगळ्यांचाच श्वास मोकळा झाला. त्यांनी महाराजांच्या पायांवर डोके ठेवले. महाराजांनी पाय आवरले आणि वडाखाली बसलेल्या रहिमतबीकडे बोट दाखवले.

इनामदार गेले. हात जोडून म्हणाले, "ताई, चुकलो. आजपासून पिंजण इथेच, या वडाखाली!" आणि रहिमतबीपुढे त्यांनी जमिनीला कपाळ टेकले. ती पदर सावरत संकोचून म्हणाली, "उठा दादा. भुई गार हाय."

त्या हिवाळ्यात तिचा खोकला उतरला. आणि देवाच्या मुकुटावर कधी कापूस दिसला, की पुजारी पुसायला फडके उचलत. भगवंतराव हात जोडून म्हणत, "राहू द्या. आमच्या ताईकडचा आहे."