नावेच्या कपाळावरचं कुंकू

खूप जुना काळ होता. इतका जुना, की खाडीवर पूल बांधता येतो हे अजून कुणाच्या डोक्यातही आलं नव्हतं. खाडीच्या अलीकडे एक गाव आणि पलीकडे टेकडीवर गावाच्या देवीचं देऊळ. मधे पाणी. आणि पाणी काही साधंसुधं नव्हे हं! ओहोटी लागली की असं ओढायचं, की सुटलेली होडी थेट समुद्रात.

म्हणून लोकांनी या काठापासून त्या काठापर्यंत जाड दोर ताणले होते. नावेच्या पुढच्या टोकाला एक भली मोठी लोखंडी कडी असायची आणि दोर त्या कडीतून ओवलेला असायचा. नाव चालवणाऱ्याला तिथे तारी म्हणत. तारी दोर ओढत ओढत नाव पलीकडे न्यायचा. नावेत बसलेल्या सगळ्यांचा जीव त्या एका कडीवर असायचा, पण बसणाऱ्याला त्याचं काय? तो आपला गप्पा मारत बसायचा.

गावात तारी दोन. एक जोमा आणि दुसरा धाकू. दोघांची घरं शेजारी, दोघांच्या नावा शेजारी. दरवर्षी जत्रेला देवीची पालखी गावातून निघून खाडीपलीकडच्या देवळात जायची. ती नेण्याचा मान एका वर्षी जोमाच्या नावेला, तर पुढच्या वर्षी धाकूच्या. असं पिढ्यान्‌पिढ्या चाललेलं.

जोमा माणूस लाखमोलाचा. हसरा, गप्पिष्ट, कुणाच्याही हाकेला धावणारा. फक्त अंगात आळस जरा जास्त. त्याच्या बापाने त्याला शिकवलं होतं, की संध्याकाळी नाव बांधली की आधी लोखंडाचं बघायचं, मग आपल्या पोटाचं. कडी गोड्या पाण्याने धुवायची, फडक्याने कोरडी करायची आणि वर उंडीच्या बियांचं तेल चोळायचं. खारं पाणी अंगावर राहिलं की लोखंड झिजतं, हे तिथल्या पोराटोरांनाही ठाऊक होतं.

पण झालं काय, त्या वर्षी जोमाला सोंगट्यांचा नाद लागला. नाव बांधली रे बांधली, की स्वारी वडाखाली पटावर हजर! “आज राहू दे, उद्या दुप्पट तेल लावीन,” असं तो कडीला सांगायचा. कडी बिचारी काय बोलणार? असं उद्या, उद्या करत दोन महिने गेले.

आता आणखी एक गोष्ट सांगायची राहिली. त्या गावात नावेच्या तोंडाशी दोन मोठे डोळे रंगवायची रीत होती. कडी बरोबर त्या डोळ्यांच्या वर. एके दिवशी सकाळी गावचा म्हातारा गुरव, म्हणजे देवीचा पुजारी, पलीकडे जायला काठावर आला आणि जोमाच्या नावेसमोर थबकला. कडीखालून एक लालभडक ओघळ निघून दोन डोळ्यांच्या मधोमध उतरला होता.

“अरे जोमा!” गुरव ओरडला. “नावेच्या कपाळाला कुंकू! कुणी लावलं रे?”

जोमाने बघितलं. गंज होता तो, दुसरं काय असणार? शब्द अगदी ओठांवर आला होता. पण मागे दहा माणसं उभी होती, आणि गंज म्हटलं असतं तर सगळ्यांनी विचारलं असतं, की दोन महिने काय करत होतास बाबा? मग जोमाने काय केलं? त्याने डोळे मिटले आणि हात जोडले.

तो खोटं बोलला का? छे छे! एक शब्दही बोलला नाही. फक्त हात जोडले. पुढचं सगळं गावाने केलं.

गुरवाने तिथल्या तिथे नारळ फोडला. दुपारपर्यंत देवीने नावेला कुंकू लावल्याची बातमी घरोघरी पोचली. बायका हार घेऊन आल्या. त्या ओघळाला लुगड्याचा पदर लावून तो पदर कपाळाला लावू लागल्या. गंजाचा डाग कापडाला लागला की जातोय कसला! पण त्यांना तो घालवायचाच नव्हता. ज्या त्या बाईच्या पदरावर तांबडा ठिपका. विहिरीवर पाणी भरताना त्या एकमेकींना तो मोठ्या कौतुकाने दाखवत.

जोमाच्या अंगावर मूठभर मांस चढलं. रोज ताजा हार, रोज नारळाची कवड, आणि येणारा-जाणारा आधी त्याला राम राम करणार! आता कडी घासायची म्हणजे कुंकू पुसायचं. ते कसं करायचं? आळसाला असं देवाधर्माचं पांघरूण मिळालं. ओघळ दिवसेंदिवस रुंद होत गेला आणि लोक म्हणत राहिले, की देवी जास्तच प्रसन्न होत चालली आहे.

जोमाची बायको येसू मात्र फसणाऱ्यांतली नव्हती. ती म्हणाली, “अहो, मला एकदा चिंच घेऊन तिथे जाऊ द्या. तुमचं कुंकू कसं पळतं ते दाखवते.”

“खबरदार!” जोमा म्हणाला. “गाव काय म्हणेल?”

“गाव म्हणायचं ते म्हणेल. ती कडी काय म्हणतेय ते आधी ऐका. दोर ओढताना करकरते ती.”

“कडी जुनी आहे, करकरायचीच,” असं म्हणून जोमा सोंगट्या खेळायला गेला.

इकडे धाकूची काय दशा झाली म्हणता? त्याची कडी रोज तेल पिऊन लखलखत होती. पण लोक त्याच्या नावेकडे बघून हळहळत आणि जोमाच्या नावेत जाऊन बसत. धाकू सरळ मनाचा. त्याला वाटलं, आपलंच काही चुकलं असणार. तो आणखी जोरात कडी घासू लागला. आणखी पहाटे उठून नाव धुऊ लागला. कुंकू काही उमटेना.

त्या वर्षी पालखीची पाळी धाकूची होती. पण जत्रा आठ दिवसांवर आली तेव्हा तो आपणहून गुरवाकडे गेला आणि म्हणाला, “देवीने नाव निवडली आहे. पालखी जोमाच्याच नावेतून जाऊ द्या. या वर्षी आणि पुढेही.” सगळं गाव वाहवा म्हणालं. जोमाही हसला, पण त्या दिवशी त्याला जेवण गोड लागलं नाही.

जत्रेची सकाळ उजाडली. काय वर्णावी ती सकाळ! दारोदारी रांगोळ्या, घराघरांत घावन, पोरांच्या हातांत पिपाण्या. ढोल-ताशाच्या गजरात पालखी गुरवाच्या अंगणातून उठली. जोमा नवं धोतर नेसून नाव सजवायला काठावर आला. झेंडूचा हार कडीला बांधावा म्हणून त्याने कडी जरा उचलली, तर तिचा एक पापुद्रा सुटून त्याच्या पायावर पडला. त्याने नखाने टोकरलं, दुसरा पापुद्रा पडला. मग तिसरा.

अंगठ्याएवढी जाड कडी आत करंगळीएवढीही उरली नव्हती. नावेत बसणारे सगळे जोमाच्या डोळ्यांसमोर आले. पालखी, पालखीचे भोई, चाळीस-पन्नास माणसं, त्यात त्याची येसू, धाकूची म्हातारी आई, कडेवरची लेकरं. वर भर ओहोटीची वेळ. आणि ढोल आता अगदी वळणावर ऐकू येत होते.

माणसाचं मन किती चपळ असतं बघा. त्याला लगेच एक युक्ती सुचली. म्हणावं, पहाटे देवी स्वप्नात आली आणि म्हणाली, मला धाकूच्या नावेतून ने. झालं! माणसंही वाचतील आणि मानही राहील. वर लोक म्हणतील, केवढं मोठं मन जोमाचं! सोपं होतं हो. नुसतं तोंड उघडायचं होतं.

पालखी काठावर आली. जोमा पुढे झाला आणि म्हणाला, “मंडळी, थांबा! पहाटे मला...”

तेवढ्यात त्याची नजर धाकूवर गेली. धाकू सगळ्यांच्या मागे, आपल्या लखलखीत नावेपाशी एकटा उभा होता. तो पालखीकडे बघून हात जोडून पुटपुटत होता, “आई, माझं काय चुकलं ते तरी सांग.” डोळे भरून आले होते त्याचे.

जोमाला कुणीतरी थोबाडीत मारल्यासारखं झालं. स्वप्न घशातच राहिलं.

“गंज आहे तो!” जोमा ओरडला. “कुंकू नाही, गंज आहे! तीन महिने मी कडीला तेल लावलं नाही, सोंगट्या खेळत बसलो. पहिल्याच दिवशी मला ठाऊक होतं, पण लाजेने बोललो नाही. धाकू, तुझं काही चुकलं नाही रे बाबा! चुकलं ते माझं. या नावेत पाय ठेवू नका कुणी!”

ढोल थांबले. ताशे थांबले. खाडीचं पाणी तेवढं वाजत होतं. जोमा मान खाली घालून उभा राहिला. आता गाव आपल्याला उचलून पाण्यात टाकणार, असं त्याला वाटलं.

तेवढ्यात गर्दीतून धाकूच्या आईचा खणखणीत आवाज आला. “अगं बाई! म्हणजे महिनाभर मी नव्या लुगड्यावर गंज मिरवतेय होय?”

सगळ्या बायकांनी आपापले पदर बघितले, मग एकमेकींचे बघितले. आधी एक फिसकन हसली, मग दुसरी, आणि मग सगळा काठ खो खो हसत सुटला. पालखीचे भोई एवढे हसले की पालखी खाली टेकवावी लागली.

गुरवाने मात्र कपाळाला हात लावला. “मी तरी केवढा शहाणा!” तो म्हणाला. “रोज देवीची समई चिंचेने घासतो. तिला लख्ख आवडतं हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक? आणि मीच गंजाला पहिला नारळ फोडला.” मग तो जोमाकडे वळला. “पण तू मोठा अपराध केलास जोमा. देवीच्या नावावर आळस खपवलास. आता गावासमोर ती कडी घास. पालखी थांबेल तोवर.”

येसू जणू वाटच बघत होती. ती धावत जाऊन चिंचेचा गोळा आणि राख घेऊन आली. धाकूने घासायला नारळावरच्या काथ्याचं सोडण आणलं. तो जोमाच्या शेजारी गुडघे टेकून बसला आणि म्हणाला, “तू कडी घे, मी फळी घेतो.” जोमाला रडू आवरेना आणि हसूही आवरेना. चिंच चोळली, जरा वेळ तशीच ठेवली, राखेने घासली, गोड्या पाण्याने धुतली. फळीवरचा ओघळ फिका होत होत पार गेला. खालून पांढरं स्वच्छ लाकूड निघालं.

मग जोमाने कडीला सोडणाचा शेवटचा रट्टा दिला. कडक्‌ असा आवाज झाला, आणि कडीचे दोन तुकडे त्याच्या हातात आले.

आता कुणी हसलं नाही. आयांनी लेकरं छातीशी धरली. माणसं एकदा त्या तुकड्यांकडे बघत आणि एकदा ओहोटीच्या पाण्याकडे. येसूने जोमाचा हात घट्ट धरला. मग म्हाताऱ्या गुरवाने दोन्ही हात वर केले आणि एवढ्या मोठ्याने देवीचा जयजयकार केला, की पलीकडच्या टेकडीवर ऐकू गेला. ढोल पुन्हा घुमू लागले, आणि पालखी धाकूच्या नावेत चढली. नावेचा दोर ओढायला धाकूने जोमाला शेजारी बोलावलं. दिवसभर खेपा करून दोघांनी गावातलं शेवटचं माणूस पलीकडे पोचवलं.

गुरवाने जोमाला शिक्षा दिली, की वर्षभर रोज संध्याकाळी दोन्ही नावांची लोखंडं त्याने एकट्याने धुवायची, पुसायची आणि तेल लावायची. जोमाने ती आनंदाने भोगली. वर्ष संपलं तरी त्याचा हात थांबला नाही, आणि त्या खाडीत पुन्हा कुठल्याही नावेची कडी गंजली नाही.

म्हणून सांगतो, लहानथोर मंडळींनो: चूक पहिल्या दिवशी तेलाच्या एका बोटाने पुसली जाते, पण तिला हार घातले की ती जिवावर उठते.